केनवडचा सिनेमा आणि मावशीचं कुंकू

कौसल्यामावशीचा फोन आला, "पिच्चर लागून राह्यला गावात. मी हाय त्यात. ये." मग काय, निघालेच. गावच्या पोरांनी काढलेला वऱ्हाडी सिनेमा, विषय आपले संस्कार, आणि नायकाची आई म्हणजे माझी मावशी! काका गेल्यापासून लग्नकार्यात मागे मागे राहणारी ही बाई पहिल्यांदाच चारचौघांत पुढे उभी राहिली होती.

जाणार असाल तर पुण्याहून ट्रॅव्हल्सने मालेगावला उतरा. वाशिमचं मालेगाव बरं का, नाशिकचं नव्हे, नाहीतर बसाल बोंबलत. स्टँडवर कढी घातलेला आलुबोंडा खा. मावशीच्या गावाची, केनवडची जीप भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घाई घरी ठेवून या. दोन्ही बाजूंना तुरीची शेतं होती आणि माझा मूड झकास होता.

संध्याकाळी शाळेच्या मैदानात पडदा लागला. पडद्यावर मावशीच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. शेवटी ती सुनेला बजावते, "रीत मोडली का घर मोडते, बाई!" अख्ख्या मैदानाने शिट्ट्या मारल्या. मावशी पदराआड हसत होती.

मग सत्कार. आयोजकांच्या वहिनी ताट घेऊन आल्या. सिनेमातल्या एकेका बाईला कुंकू लावून नारळाने ओटी भरू लागल्या. मावशीने पदर पसरला. वहिनी तिला सोडून पुढच्या बाईकडे गेल्या.

"अहो, या राहिल्या!" मी ओरडले.

"त्याहिची कशी भरू, ताई? रीत मोडली का घर मोडते. काकूच त म्हने पिच्चरमधी."

लोक हसले. अंगाची लाही लाही झाली माझ्या. खोट्या कुंकवाला शिट्ट्या आणि खऱ्या बाईला हे! मघाशी संस्कारांवर लांबलचक भाषण ठोकणारा दिग्दर्शक आता खाली वाकून चपला शोधत होता. मी वहिनींना नको नको ते बोलले. मावशीने पदर आवरून खोचला.

"चाल बाई, भाकरी थंड्या होतीन," म्हणाली.

घरी येऊन आठवडा झाला, राग उतरलेला नाही. केनवडला जाऊ नका असं म्हणत नाही. आलुबोंडा खरंच चांगला मिळतो. पण संस्कारांचा सिनेमा म्हटलं की आता माझं टाळकं सरकतं.

काल मावशीचा फोन आला. सिनेमा शेलूबाजारला लागतोय, सत्काराला तिला पुन्हा बोलावलंय.

"कशाला जातेस पुन्हा तिथं?" मी खेकसले.

"जातो ना! पन आता घरूनच कुंकू लावून जातो. पिच्चरमधलं हाय म्हनतीन लेकाचे."