पुढची डावी जागा

आमच्या शेजारच्या काकांइतकी सावकाश गाडी चालवणारा माणूस अख्ख्या कानपूर रोडवर आजवर झाला नाही आणि पुढे होईल असं वाटत नाही. सायकलवरचा दूधवाला त्यांच्या खिडकीशी गप्पा मारत मारत पुढे निघून जाई आणि काका त्याला हात दाखवून वाट देत. गाडी त्यांच्या आजोबांची, अमरावतीची, पांढरी अँबॅसडर. रेल्वेच्या नोकरीपायी काका लखनौला आले, निवृत्त झाल्यावर मानक नगरचं क्वार्टर सोडून सरोजिनी नगरात घर बांधलं. मग काकू गेल्या, मुलगी बंगळूरला गेली. गाडी तेवढी कुठे गेली नाही. खरं तर बरेचदा ती जातच नसे! थंडीत काका आपली रजई तिच्या बॉनेटवर घालत आणि स्वतः शालीवर रात्र काढत. "तिला गारठा बाधतो हो," म्हणत. मुलगी फोनवर हिंदीत बजावायची, "पापा, अब तो बेच दीजिए." काका "बरं बाळा" म्हणत आणि फोन ठेवून फडकं घेऊन गाडी पुसायला जात.

पुढच्या डाव्या सीटवर मात्र ते कुणालाही बसू देत नसत. रविवारच्या फेरफटक्यातला मी त्यांचा एकुलता एक प्रवासी, तरी माझी रवानगी मागेच. त्यामुळे मी साहेब आणि ते ड्रायव्हर, असाच सगळ्यांचा समज. पेट्रोल पंपावरचा माणूस मलाच विचारी, "साहब, कितने का डाल दें?" वर काकाही मान वळवून अदबीनं म्हणत, "काय साहेब, किती टाकायचं?" मला मेल्याहून मेल्यासारखं होई. काकूंनाही म्हणे जन्मभर मागेच बसावं लागलं. ती जागा आजोबांची, असं मी धरून चाललो होतो.

मग माझी पुण्याला बदली झाली. अमौसीला विमानतळावर सोडायला अर्थात काकाच निघाले. सवयीनं मी मागचं दार उघडलं, तर त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली.

"आज तुम्ही चालवा."

"आणि आजोबांच्या जागेवर कोण बसणार?"

"आजोबा कुठे तिथे बसायचे? ते चालवायचे. ती जागा माझी आहे," म्हणत काका डावीकडे जाऊन बसलेसुद्धा. "तुमच्या काकूला गाडी चालवता येत नव्हती, मुलीला ही गाडी नको होती. मग काय, मलाच चालवावी लागली."

वाटभर कोपर खिडकीबाहेर काढून ते अखंड बोलत होते. आजोबा चढावर गाडीला "चल गं बाई" म्हणत, वाटेत पेरू घेत, आणि बिया काढून फोडी छोट्या काकांच्या हातावर ठेवत. मी मुद्दाम हळू चालवत होतो. दूधवाला पुढे निघून गेला. सत्तरीचे काका इतके खुशीत मी कधी पाहिले नव्हते. आता यांना कोण फिरवणार, असं मनात आलं.

विमानतळावर सामान उतरवलं, वाकून नमस्कार केला, किल्ली परत दिली. ट्रॉली वळवताना मागे पाहिलं, तर काका अजून डावीकडेच बसलेले. गार्डनं टपावर थाप मारली. "अंकल, गाड़ी हटाइए! ड्राइवर कहाँ है?"

काकांनी शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"आ रहे हैं, भैया," ते म्हणाले.