डोब्रीच्या टीमची डावी बाजू

क्लेटन झाउबेकचं नाव गणिताच्या लोर्नाबाईंनी घेतलंच नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "डॅरेल, गेल्या काही मॅचपासून आपली डावी बाजू पडतेय." पण नेब्रास्कातल्या डोब्रीसारख्या टीचभर गावात बाजू म्हटली की माणूस आलाच. शाळेच्या अमेरिकन फुटबॉल टीमच्या डाव्या टोकाला क्लेटन उभा राहायचा. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक फेकीच्या तयारीत असताना डावीकडून कुणी त्याच्या अंगावर येऊ नये, हे त्याचं काम. कोच डॅरेल ओस्टडीकनं त्याला बाकावर बसवलं, आणि दुसऱ्या दिवशी पेट्रोल पंपापासून चर्चच्या पायरीपर्यंत सगळ्यांना कळलं, की पोराला बाईंच्या आकड्यांनी खाल्लं.

त्या आठवड्यात शाळेच्या जेवणात चिली, म्हणजे मांस-राजम्याची तिखट आमटी, आणि दालचिनीचा रोल होता. वाढायला क्लेटनची आई इर्मा उभी होती. तिनं बाईंच्या ताटात चिली ओतली आणि हात मागे घेतला.

"रोल संपले."

रोलचा ट्रे तिच्या कोपराशी होता, अर्धा भरलेला.

"इर्मा, मी त्याचं नाव घेतलं नव्हतं गं."

"नाव कशाला घ्यायला लागतंय, बाई? तुम्ही टक्के सांगितलेत. पुढचं गावाला येतं." इर्मानं डाव पातेल्यावर आपटला. "चार वर्षं घासलं त्यानं. शेवटच्या वर्षात बाकावर. चला, पुढे सरका, रांग खोळंबलीय."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाई पुढे सरकल्या.

लोर्ना पोस्पिशिल इथल्याच. लिंकन शहरात गणित शिकून परत आल्या आणि ज्या शाळेत शिकल्या तिथेच शिकवायला लागल्या. फुटबॉल त्यांच्या घरात नवऱ्याबरोबर आला. एमिल शाळेच्या टीमचा दुय्यम कोच होता. मॅच संपली की तो आणि त्याचे मित्र बाईंच्या स्वयंपाकघरात बसून बियर पीत भांडायचे. पोरांत जिगर नव्हती, जोर कमी पडला, देवाची मर्जी नव्हती. बाई वैतागल्या. "जिगर कशात मोजता रे तुम्ही? पावशेरात?" असं म्हणून त्यांनी पुढच्या मॅचपासून स्वतः मोजायला सुरुवात केली.

त्यांची रीत सोपी होती. टीमला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. तेव्हा प्रत्येक डावानं आपल्या वाटणीचं अंतर कापलं की नाही, एवढंच बघायचं. कापलं तर डाव कामाचा, नाही तर फुकट. शंभरातले किती डाव कामाचे, ती टीमची खरी ताकद. कधीकधी मॅच जिंकूनही ही ताकद घसरलेली असायची, आणि बाई म्हणायच्या, "पुढच्या आठवड्यात मार खाणार." बहुतेक वेळा टीम मार खायची. एमिल गेला, पण मोजणं राहिलं. डॅरेल त्यांचाच विद्यार्थी. तो कोच झाल्यावर त्यानं प्रेक्षकांच्या पायऱ्यांवरच्या लाकडी खोलीत, रेडिओवाल्याशेजारी, बाईंची खुर्ची मांडली आणि खाली मैदानावर त्याच्याशी बोलायला कानाला लावायचा फोन दिला.

आणि आता शनिवारची दुपार. राज्याच्या बाद फेरीची मॅच होती, समोर सेंट वेंडेलची टीम. वारा कोरडा, बोचरा. पायऱ्या चढताना वरून कुणीतरी ओरडलं, "काय बाई, आज कुणाचा नंबर?" माणसं हसली. बाईंनी वर बघितलं नाही.

खोलीत रेडिओवाला ऑर्विल बेनेश कॉफी ओतत होता. "मनावर घेऊ नका हो. आज डावीकडे नवा पोरगा आहे ना? तो सावरेल सगळं. मग हेच लोक तुम्हाला डोक्यावर घेतील."

नवा पोरगा खरंच सावरत होता. पहिल्या काही डावांतच दिसलं, की तो भिंतीसारखा उभा आहे. गॅरेट लुंडीन, डोब्रीचा क्वार्टरबॅक, मागे सरकायचा आणि त्याला कुणाचा धक्कासुद्धा लागायचा नाही. तरीही डावीकडचे फेकीचे डाव फुकट जात होते. एकदा चेंडू झेलायला डावीकडून पुढे पळालेला पोरगा मोकळ्या रानात एकटा, दोन्ही हात वर करून उभा होता. गॅरेटनं चेंडू उजवीकडच्या गर्दीत फेकला.

"काय करतोय हा!" ऑर्विल माईकवरच बोलून गेला.

बाईंनी समोरचे कागद ओढले. गेल्या तीन मॅचचे सगळे डावीकडचे डाव त्यांनी एकत्र मोजले होते, चेंडू घेऊन पळण्याचे आणि फेकण्याचे. घाईत. आता त्यांनी दोन्ही वेगळे काढायला घेतले. बोटं थंडीनं वाकडी झाली होती, पेन्सिल घसरत होती. क्लेटनच्या आडोशानं डावीकडून पळायचे डाव होते, ते आधीइतकेच कामाचे निघाले. काही तर जास्तच. घसरली होती ती फक्त फेक. आणि तीसुद्धा तिन्ही मॅचमध्ये, सतत.

क्लेटन कच्चा असता तर पळणंही घसरलं असतं. दोष बाजूत नव्हताच. दोष बघणाऱ्यात होता.

मग त्यांना वर्ग आठवला. गॅरेट हल्ली फळ्याकडे बघताना अख्खी मान वळवायचा. त्याच्या डाव्या हाताशी ठेवलेली उत्तरपत्रिका त्यानं कोपरानं खाली पाडली होती आणि "मला दिलीच नाहीत" म्हणाला होता. त्या रागावल्या होत्या. आणि घसरण सुरू झाली त्याच्या आधीच्या मॅचमध्ये त्याला डोक्यावर मार बसला होता. हसत उठला होता पोरगा. गावानं टाळ्या वाजवल्या होत्या.

त्यांनी फोन उचलला. "डॅरेल, गॅरेटला बाहेर काढ."

"काय?"

"त्याला डावीकडचं दिसत नाहीये. आत्ता काढ."

"बाई, आपण चारच गुणांनी मागे आहोत." कट्ट झालं. त्यानं फोन काढून ठेवला होता.

खाली आणखी एक डाव सुरू झाला. सेंट वेंडेलचा एक धिप्पाड पोरगा डावीकडून सुटला. गॅरेटनं मानसुद्धा वळवली नाही. शेवटच्या क्षणी नव्या पोरानं त्या धिप्पाडाचा पाय अडवला आणि तो गॅरेटच्या हेल्मेटपासून वीतभर अंतरावर कोसळला. तेवढ्यात मध्यंतराची शिट्टी झाली.

साठीतली बाई त्या पायऱ्या कशी उतरली, ते ऑर्विल नंतर वर्षभर सांगत होता. कपडे बदलायच्या खोलीच्या दाराशी गॅरेटचा बाप रॉईस उभा होता. टीमच्या गणवेशापासून गुणफलकापर्यंत सगळं त्याच्या पैशानं आलेलं.

"आत पोरं आहेत, बाई."

"तुमच्या पोरासाठीच आलेय. त्याचा डोळा बघायला हवा."

रॉईस हसला, पण बाजूला झाला नाही. "तुम्हाला आकडे मोजायला ठेवलंय. डॉक्टरकी करायला नाही. त्याला निवडायला युनिव्हर्सिटीचा माणूस येऊन बसलाय वर, ठाऊक आहे ना?"

"रॉईस, तुम्हाला गुणाकार मी शिकवलाय. सरका."

सवय असते. तो सरकला.

आत घामाचा आणि मलमाचा वास. पोरं अवघडून टॉवेल ओढू लागली. डॅरेल खडू घेऊन फळ्यापाशी होता. त्यानं बाईंना कोपऱ्यात घेतलं आणि दात आवळून बोलला, "गेल्या वेळी तुम्ही क्लेटनचं सांगितलंत. आज गॅरेट. पुढच्या वेळी कोण?"

हा वार वर्मी बसला. बाई म्हणाल्या, "क्लेटनच्या बाबतीत मी चुकले. बेरीज चुकीची केली. म्हणूनच सांगतेय, आता चुकायला जागा नाही. एक मिनिट दे. चुकले तर त्या खोलीत परत चढणार नाही."

गॅरेट बाकावर बसला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. बाई त्याच्यासमोर गुडघ्यावर बसल्या.

"उजवा डोळा झाक."

"मी ठीक आहे, बाई."

"झाक, बाळा. माझ्या नाकाकडे बघ. मान हलवायची नाही." त्यांनी आपला हात त्याच्या डाव्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर धरला. "किती बोटं?"

गॅरेट म्हणाला, "दोन."

बाईंनी मूठ धरली होती.

डॅरेलच्या हातातला खडू मोडला. गॅरेटनं झाकलेल्या डोळ्यावरून हात काढलाच नाही. तसाच वाकला आणि पुटपुटला, "प्लीज, बाई. अर्धीच मॅच राहिलीय. पडद्यासारखं काहीतरी काळं येतंय बाजूनं. थोडंच आहे. मी मान वळवून भागवतो ना."

"कधीपासून?"

उत्तर दारातून आलं. रॉईस आत आला होता. "दुखतं म्हणत होता मध्ये," तो म्हणाला. "मी म्हटलं, झोप पुरत नसेल." त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. मग एकदम भडकून तो बाईंवर ओरडला, "वर बसून इतके दिवस मोजत होतात, तर तेव्हा का नाही सांगितलंत?"

बाई जमिनीला हात टेकून उठू लागल्या. कुणीतरी त्यांना कोपराला धरून उभं केलं. तो क्लेटन होता.

डॅरेलनं गॅरेटचं हेल्मेट उचललं आणि कपाटात टाकून कुलूप लावलं. "रॉईस, गाडी काढा. थेट ओमाहाच्या दवाखान्यात." मग त्यानं पोरांकडे बघितलं. बदली क्वार्टरबॅक पांढराफटक पडला होता. "क्लेटन, डावीकडे. याच्या अंगाला हात लागू द्यायचा नाही."

क्लेटननं बदली पोराकडे बघितलं, मग बाईंकडे. आता हा नाही म्हणेल, असं बाईंना वाटलं. त्यांना ते चुकीचंही वाटलं नसतं. मग त्यानं हेल्मेट चढवलं.

दुसरा अर्धा भाग बाईंनी मोजला नाही. त्या पायऱ्यांच्या खालच्या ओळीत बसून राहिल्या. गॅरेट कुठे गेला, हे गावाला कळत नव्हतं. आधी कुजबुज, मग शिव्या. "बाईंनी काढला म्हणे." "म्हातारीचं डोकं फिरलंय." कुणाच्या तरी पेल्यातलं कोको त्यांच्या कोटावर सांडलं. चुकून की मुद्दाम, त्यांनी मागे वळून बघितलं नाही. क्लेटननं बदली पोराच्या अंगाला खरंच कुणाला हात लावू दिला नाही, पण त्या पोराच्या हातून चेंडू सुटत होता. डोब्री हरली. हंगाम संपला.

माणसं पांगल्यावर बाई गाड्यांपाशी गेल्या. क्लेटन बूट झटकत होता. इर्मा गाडीत बसली होती, काच खाली.

"क्लेटन, चूक माझी होती," बाई म्हणाल्या. "पळायचे डाव वेगळे काढले असते तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. मी गावात सगळ्यांसमोर सांगीन."

"आकडा खोटा नव्हता, बाई. डावी बाजू पडतच होती." तो बुटाकडे बघत बोलला. "फक्त मला खरंच वाटायला लागलं होतं, की माझ्यामुळेच पडतेय. रात्री झोप यायची नाही."

इर्मानं गाडी सुरू केली. "बस, क्लेटन, गारठा आहे." आणि मग बाईंकडे न बघता, "कोट भिजलाय तुमचा. घरी जा."

ओमाहाच्या डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी ऑपरेशन केलं. डोळ्याच्या आतला पडदा सुटत आला होता. आणखी एक धक्का बसता तर डोळा गेला असता, असं ते म्हणाले. दृष्टी बरीचशी वाचली, सगळी नाही. गॅरेट परत कधी खेळला नाही. वसंतात तो वर्गात आला, तेव्हा बाईंशी एक शब्द बोलला नाही. मे महिन्यात मात्र शंका विचारायला थांबला, आणि जाताना म्हणाला, "बाबांनी विचारलंय, तुम्ही घरी कधी असता." रॉईस आला नाही. त्याच्या बायकोनं जर्दाळूच्या कोलाच्यांचा, म्हणजे गोड भरलेल्या पावांचा, डबा दारात ठेवला, चिठ्ठी न लिहिता.

मॅचच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारच्या प्रार्थनेनंतर, लोर्नाबाई चर्चच्या तळघरात, कॉफीच्या मोठ्या भांड्याशेजारी उभ्या राहिल्या आणि आपली चूक गावासमोर सांगितली. गणितासकट. अर्ध्या लोकांना गणित कळलं नाही. ऑर्विलनं रेडिओवर ते सोप्या भाषेत पुन्हा सांगितलं. माणसं क्लेटनची पाठ थोपटू लागली. तो कसंनुसं हसायचा. बाकावर घालवलेले ते दिवस त्याला कुणी परत देणार नव्हतं, आणि हे त्याला थोपटणाऱ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. उन्हाळ्यात तो वेल्डिंग शिकायला ग्रँड आयलंड शहरात निघून गेला.

शरद लागला तसा डॅरेल लोर्नाबाईंच्या दारात आला, टोपी हातात घेऊन, नव्या हंगामात पुन्हा वरच्या खोलीत बसाल का, हे विचारायला. बाईंनी त्याला आत घेतलं, कॉफी दिली, आणि हो किंवा नाही म्हणायच्या आधी गेल्या हंगामाचे कागद काढून, पळायचे आणि फेकायचे डाव वेगळे करायला त्याच्यासमोर ठेवले.