वही माझीच आहे

आमच्या आश्रमशाळेत गणित शिकवायची शमसुन्निसाबाई. वडशाची. भित्री अशी का पाल दिसली तरी किंचाळे. मी इंदू, थ्याच शाळेची स्वयंपाकीण. मलेही कोणी वाघीण म्हणू नये.

बाईच्या भावानं, रईसनं, कुवेतहून एक कॅल्क्युलेटर आणलं होतं. समीकरण देल्लं का पडद्यावर त्याची रेघ काढे. पण त्याले हुकूम द्याची भाषा बाईले धड जमे नाई. जमली दहावीतल्या ललिताले, जंगलातल्या गोंडाघरची पोर. चार महिने तिनं वहीत ओळीवर ओळी लिहिल्या. बाई माझ्या चुलीपाशी येऊन सांगे, "इंदुताई, ही पोरगी मले शिकवून राह्यली!"

दोन हजार एकच्या थंडीत आमी दोघी एसटीनं बाईच्या गावी, वडशाले निघालो. नाक्यावर पोलिसांनी गाडी थांबवली. बाईच्या पिशवीतून थे यंत्र निघालं, त्याची वायर निघाली, ललिताची वही निघाली. वहीवर नाव नव्हतं, बरं झालं बापा. साहेबानं उघडली तर इंग्रजी अक्षरं, बाण, आकडे.

"हा निरोप कोणासाठी? जंगलातल्या नक्षल्यांसाठी? लिहिला कोणी?"

नाव सांगितलं असतं तर पोलिसांची गाडी सरळ ललिताच्या गावात गेली असती. आन् एकदा नेलेलं माणूस कधी परत येईल, काही नेम नाई.

"वही माझीच आहे," बाई म्हणाली.

"मंग न पाहता इथी लिहून दाखवा."

मेलो, म्हटलं! बाईले कुठी येत होतं? एका बोटाखाली दोन-दोन बटणं दबत. पडद्यावर चूक आली. दुसऱ्यांदाही चूकच. मी माय महाकालीले नवस बोलली. बाई ललिताचंच शिकवणं पुटपुटे, "आधी अट, मंग उडी." तिसऱ्यांदा रेघ उमटली, पळीसारखी खोलगट.

"हा कोणता तलाव?" साहेबानं विचारलं.

"तलाव नाई साहेब, दहावीचं गणित."

आमाले सोडलं. वही ठेवून घेतली.

सोमवारी माझ्या चुलीपाशी ललितानं विचारलं, "बाई, माझी वही?"

"हरवली."

"हरवू द्या. मले पाठ आहे." पोरीनं हसत कोरा कागद ओढला.

बाईनं तिचा हात धरला. "नको लिहू."

"काऊन?"

चार महिने 'लिही, लिही' म्हणून मागं लागलेल्या बाईनं थो कागद घडी करून आपल्या पिशवीत टाकला. पोर माझ्याकडे पाहून राह्यली. मले सारं माहीत होतं, तिचं अक्षर आता साहेबाजवळ होतं. मीही नाई सांगितलं, मले भेव वाटे.