आमचा पूल कुठं नेला

मी सोलापूर शहरात वाढले. आमच्या घरात कुणी कारकून, कुणी मास्तर. रोज पाण्यावरून चालत नोकरीला जायची वेळ आमच्याकडे कुणावर आली नव्हती, ती माझ्यावर आली. प्राथमिक शिक्षिका म्हणून पहिली नेमणूक मिळाली ती मोडनिंबच्या पलीकडच्या एका वस्तीवरच्या शाळेत. राहायला खोली मोडनिंबात, शाळा ओढ्याच्या पैलतीरावर. खाली बंधारा असल्यामुळे ओढ्याला बारमाही पाणी तुंबलेलं, एखाद्या तळ्यासारखं रुंद. रस्त्याने जायचं तर हायवेला लागून मोठा वळसा. जवळची वाट एकच, जुन्या रेल्वेच्या पुलावरून.

पूर्वी इथून छोटी गाडी जायची. रूळ रुंद झाले तेव्हा नवी लाइन दुसऱ्याच बाजूने गेली आणि इकडचे रूळ उचलून नेले. पूल मात्र तसाच राहिला. दगडी खांब, त्यांवर लोखंडी गर्डरचे सात गाळे. गावकऱ्यांनी त्यावर बाभळीच्या फळ्या तारेने आवळून बांधल्या होत्या. कठडा नव्हता. दोन फळ्यांच्या मधून खालचं हिरवं पाणी दिसायचं.

पहिल्या दिवशी मी पुलाच्या तोंडाशी पर्स छातीशी धरून उभी राहिले. पलीकडून एक बाई आली. डोक्यावर मेथीची पाटी, पायात रबरी चपला, आणि चाल अशी की जणू स्वतःच्या अंगणातून येतेय.

"नव्या बाई व्हय?" तिने विचारलं.

"हो. पण मला जमेल असं वाटत नाही."

"जमतंय की. म्या सून हून आल्यापास्नं जाती-येती." तिने पाटी खाली ठेवली आणि माझा हात धरला. "पाण्याकडं बगू नगा. फुडच्या फळीकडं बगा. एक फळी झाली की दुसरी. सगळा पूल एकदम बगितला की पाय लटपटतेत."

तिने मला पैलतीराला पोचवलं आणि पुन्हा उलटी जाऊन आपली पाटी उचलून बाजाराला गेली. तेव्हापासून मी तिला मावशी म्हणू लागले. सकाळी ती बाजाराकडे आणि मी शाळेकडे, आमची गाठ बहुधा मधल्या खांबावर पडायची. तिथे जरा रुंद जागा होती. दोन मिनिटं बोलायचो, मग आपापल्या वाटेला.

सात वर्षं असं चाललं. मग एका सोमवारी पुलाच्या तोंडाला काथ्या बांधलेला दिसला. अलीकडे एक क्रेन उभी होती आणि गॅस कटरच्या नळकांड्यांशेजारी सात-आठ माणसं चहा पीत बसली होती. मुकादमाने कागद दाखवला. पूल लिलावात भंगार म्हणून विकला गेला होता. नोटीस स्टेशनवर लावली होती म्हणे. गावातल्या कुणी ती वाचली नव्हती. सरपंच आले, थोडी बाचाबाची झाली, अर्ज लिहिला गेला. उत्तर आलं की पूल धोकादायक आहे, म्हणून काढायचा आहे. ते खोटंही नव्हतं. आदल्याच वर्षी एक वासरू फळी मोडून खाली पडलं होतं.

मी वळशाच्या रस्त्याने जायला स्कूटी घेतली. मावशीला मात्र आता हायवेपर्यंत चालत जाऊन तिथून वडापची जीप धरावी लागे. त्या दिवसांत ती बाजाराला कमीच गेली. मी दुपारी शाळा सुटल्यावर जाई तेव्हा ती काठावर बसलेली असे, पदर डोक्यावर घेऊन, पूल उतरताना बघत. मीही शेजारी बसे. खरं सांगायचं तर मला वाईट वाटण्यापेक्षा बघायचीच उत्सुकता जास्त होती. एवढं लोखंड पाण्याच्या मधोमध कसं उचलत असतील?

क्रेन काठावरच राहिली. लांबचे गाळे लोखंडी रुळांवरून तसूतसूने काठाकडे ओढले, मग साखळ्या बांधून उचलले. पहिला गाळा हवेत गेला तेव्हा तो किती हलका दिसला! खालच्या बाजूला पाकोळ्यांची मातीची घरटी ओळीने चिकटलेली होती. मी मुकादमाला ओरडून विचारलं, पिल्लं आहेत का? त्याने एक माणूस वर चढवला. घरटी रिकामी होती.

शेवटचा गाळा ट्रेलरवर चढला तेव्हा मावशी म्हणाली, "बाई, एवढा मोठा पूल नेऊन ठिवतेत तरी कुटं?"

मी शिक्षिका, पण हे मलाही माहीत नव्हतं. मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, "चिंचोळीला. एमआयडीसीत आमचं यार्ड आहे."

"मग जाऊन बगू की," मावशी म्हणाली.

मला वाटलं बोलायचं म्हणून बोलतेय. पण पुढच्या शनिवारी सकाळची शाळा करून मी बाहेर आले तर मावशी फाटकाशी उभी. धुतलेलं लुगडं, पिशवीत भाकरी आणि शेंगांची चटणी. आम्ही एसटी धरून चिंचोळीच्या फाट्यावर उतरलो आणि विचारत विचारत यार्डापर्यंत गेलो. दारावरचा वॉचमन आत सोडेना.

"काय काम आहे?"

"आमचा पूल बगायचाय," मावशी म्हणाली.

वॉचमनने आत हाक मारली. आतून एक म्हातारे गृहस्थ हसत आले. काळा चष्मा कपाळावर चढवलेला, शर्टाला ठिणग्यांची भोकं. ते तिथले लोखंड कापणारे जुने कटर होते. "आने दो ना मियाँ," ते म्हणाले. "लोहा देखने कौन आताय? पैली बार कोई आया."

यार्डात एसटीचे सांगाडे, बॉयलरची पिंपं, यंत्रमागांचे सुटे भाग यांचे ढीग. आमच्या पुलाचे पाच गाळे कापून झाले होते. हातभर, दोन हात लांबीचे तुकडे रचून ठेवले होते, सरपणासारखे. मावशीने एकाला हात लावला आणि चटकन मागे घेतला. उन्हाने तापलं होतं.

"हे वितळवून काय करतेत?"

"सळई बनती अम्मा. घरां के स्लॅब में डालने की."

मग त्यांनी आम्हाला गाळ्यांच्या जोडांतली रिव्हेट दाखवली. लालभडक तापवून, भोकात घालून, दोन्हीकडून ठोकून बसवलेली. कुठेच वेल्डिंग नाही. हातोडीने एकेक वाजवून दाखवली. "आवाज सुनो. घट्ट है तो ऐसा बोलती. ढीली हुई तो फटी आवाज." ते बोलत होते आणि मी वहीत लिहून घेत होते. सात वर्षं मी ज्याच्यावरून चालले ते कशाने जोडलेलं आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

दोन गाळे अजून अख्खे होते. एक अक्कलकोटकडच्या कुणा शेतकऱ्याने नाल्यावर टाकायला ठरवला होता. दुसऱ्याला गिऱ्हाईक नव्हतं.

परतीच्या एसटीत मावशीने भाकरी सोडली. मोहोळ मागे पडल्यावर म्हणाली, "बाई, एका गाळ्यानं आपलं पानी झाकत न्हाय. पर वरल्या अंगाला, तुंबल्यालं पानी सरतंय तितं, ओढा लई बारीक हाय. एक गाळा तितं बसंल."

"तुम्ही सरपंचांना सांगा ना."

"माजं कोण ऐकतंय? तुमी कागद करा, म्या जागा दावती."

मी अर्ज लिहिला. त्यात रिव्हेटचंही लिहिलं, ते बांधकाम खात्याच्या शाखा अभियंत्यांना फार आवडलं असं नंतर कळलं. व्यवहार कसा जमला ते मला ठाऊक नाही, ते सरपंचांनी आणि पलीकडच्या ऊसवाल्या शेतकऱ्यांनी बघितलं. मधे दोनदा यार्डात फोन करून मी त्या म्हाताऱ्या कटरना विचारलं की गाळा आहे ना अजून. "हौ बाई, उसकू हात नै लगाया," ते म्हणायचे. वर्ष गेलं, आणखी काही महिने गेले, आणि एके दिवशी ट्रेलर परत आला. मावशीने दाखवलेल्या जागी दोन्ही काठांवर काँक्रीटचे ओटे बांधले होते. गाळा बसला. या वेळी त्याला कठडाही लावला.

मावशी मात्र तोवर गुडघ्यांच्या दुखण्याने घरी बसली होती. मेथी आता तिची सून मोटरसायकलवरून नेते, त्याच गाळ्यावरून. मावशीला मुलाने एकदा आणून दाखवलं. ती टोकापर्यंत गेली, कठड्याला धरून उभी राहिली, काठीने एक रिव्हेट वाजवली आणि म्हणाली, "आवाज चांगला हाय." एवढंच.

जुने दगडी खांब पाण्यात तसेच आहेत. ते कुणी विकत घेतले नाहीत. यंदाच्या उन्हाळ्यात बंधाऱ्याची दारं दुरुस्तीला काढली आणि पाणी पार तळाला गेलं. मी कधी पाहिला नव्हता इतका चिखल उघडा पडला. शाळेतून येताना मी काठावर थांबले तर खांबांच्या शेजारी, जरा तिरक्या रेषेत, काळे खुंट वर आलेले दिसले. दोन-दोनच्या जोड्या, या काठापासून त्या काठापर्यंत. चप्पल हातात घेऊन जवळ गेले. लाकूड होतं, टोकाला तासलेलं, एका खुंटात खिळ्याचं भोक.

म्हणजे आमच्या पुलाआधीही इथे लाकडाचा एक पूल होता. कदाचित दगडी खांब बांधण्यापुरता, सामान न्यायला उभा केलेला. कदाचित रेल्वेच्याही आधीचा. गावात मी चार जणांना विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी मावशीकडे गेले. ती बाजेवर बसून शेंगा फोडत होती.

"लाकडाचा?" ती म्हणाली. शेंग हातात तशीच राहिली. "म्या न्हाय बगितला. माज्या सासूनंबी कदी नाव काढलं न्हाय."

तिने शेंग खाली ठेवली. मग बाजेवरून पाय खाली सोडले आणि चपला चाचपायला लागली.

"चला," ती म्हणाली. "पानी यायच्या आत दावा मला."