खळ्यावर टांगलेली सुपं

आमच्या घरी भाड्याने राहिलेली कलाकार एकदाही चित्र काढताना दिसली नाही. मुंबईहून ती सापगावात आली तेव्हा बायका पोरांना पावडर लावून, नटवून घेऊन यायच्या, ही चित्र काढेल म्हणून. आणि ही बया बांधावर पाय सोडून तासन् तास बसलेली. काय करतेस गो, विचारलं की म्हणायची, "काम चाललंय, मावशी." आम्ही तरीही तिला चित्रवालीच म्हणत राहिलो.

एकदा तिने विहिरीवरून हंडा भरून आणला, अंगणाला फेरी मारली आणि परत नेऊन विहिरीतच ओतला. सकाळभर हेच. मी कपाळाला हात लावला. "अगो बाय, ओतायचाच हाय तर माझ्या पिंपात ओत." ती विचारात पडली. "त्याने अर्थ बदलेल, मावशी."

"बदलू दे. पिंप तरी भरल."

अर्थाचं काय झालं ठाऊक नाही, पण पिंप काठोकाठ भरलं.

भाताची झोडणी झाली तशी तिने घरोघरची सुपं मागून आणली आणि आमच्या खळ्यावर, आंब्यापासून चिंचेपर्यंत दोऱ्या बांधून टांगली. खोटं कशाला बोलू, मला आवडलं. ते बघायला तिला इथे पाठवणाऱ्या संस्थेची मोठी माणसं येणार होती. "त्यांना पटलं नाही तर मला इथून जावं लागेल," ती म्हणाली. पोटच्या लेकीसारखी सवय झाली होती तिची.

कित्येक दिवस पडलेला वारा नेमका त्याच सकाळी सुटला. असा वारा सुटल्यावर भात उपणायचं सोडून कोण घरी बसेल? शेजारची ठकूकाकी पहिली आली. "माझं सूप दे गो." तिच्यामागे सगळ्याजणी. मी आडवी आले, तावातावाने भांडले. "पावणे जाईपर्यंत दम धरा."

"वारा धरील का दम?" ठकूकाकी म्हणाली.

चित्रवाली मात्र स्वतःच झाडावर चढून, हसत हसत, ज्याचं त्याला सूप सोडून देत होती. मला तर तिलाच दोन लगावाव्याशा वाटल्या.

पाहुणे आले तेव्हा वर नुसत्या दोऱ्या आणि खाली बायकांचं उपणणं. कोंडा त्यांच्या केसांत, चष्म्यांवर. एक साहेब शिंकत म्हणाले, "पण काम कुठे आहे?"

"काम चाललंय," चित्रवाली म्हणाली आणि त्यांच्या हातात सूप दिलं.

साहेबांनी पाखडलं ते सगळं भात स्वतःच्याच बुटांत. ठकूकाकी हसून हसून खाली बसली. साहेब बूट उपडे करत हसले, मग सूप खाली ठेवायलाच तयार होईनात.

पटलं त्यांना. इतकं पटलं, की असंच काम करायला तिला दूर परदेशी बोलावणं आलं. नापास होऊन जाईल म्हणून मी धास्तावले होते, ती पास होऊन गेली. आसनगावला गाडीत बसवताना मी चारचौघांत रडले. ती खिडकीतून सांगत होती, "मावशी, दोऱ्या सोडू नका."

नाही सोडल्या. उपणायच्या आधी मी माझं सूप तिथे टांगते आणि खाली बसून वर बघत राहते. फार आठवण येते तिची. परवा सून येऊन उभी राहिली. "आई, काय करता इथं?"

"काम चाललंय," मी म्हटलं.