डॉक्टरीणबाईंचा सत्कार आणि आमची सुजाता

"ताई, थंडी वाजायलीय... आन् खाली वलं वलं लागायलंय." माझ्या भावजयीचं, सुजाताचं, माझ्याशी हे शेवटचं बोलणं. नांदेडच्या एका नावाजलेल्या खाजगी दवाखान्यात सकाळी तिला मुलगी झाली होती. मी सिस्टरला सांगितलं. तिनं दारातूनच पाहिलं, "बाळंतिणीला थंडी वाजतेच" म्हणाली आणि एक जाड ब्लँकेट आणून अंगावर टाकलं. पुन्हा सांगायला गेले तर, "डॉक्टर तुम्ही का आम्ही?" असं वरून ऐकवलं. थोड्या वेळानं सुजाताचे डोळे मिटले. तिची आई म्हणाली, झोपू द्या लेकराला, दमली लई. आणि आम्ही सगळे कुजबुजत बोलायला लागलो, तिची झोप मोडू नये म्हणून... ते ब्लँकेट उचलून पाहायचं ज्यांचं काम होतं, त्यांनी ते उचललं तेव्हा गादी भिजून रक्त फरशीवर उतरलं होतं. डॉक्टरीणबाई कुठं, तर कुठंतरी सत्कार घ्यायला गेलेल्या. फोन लावला की, "मॅडम स्टेजवर आहेत." शेवटी मोठ्या दवाखान्यात हलवा म्हणाले, आणि ती वाटेतच गेली. कागदावर लिहिलं, हृदयक्रिया बंद पडून मृत्यू. अहो, मरताना कुणाची चालू राहते?

सुजाता रेणापूरची. लग्न लागून विहाराबाहेर पडता पडता तिनं माझ्या कानात विचारलं होतं, "ताई, तुमच्या घरी ननंद लई खाष्ट हाय म्हनतेत, खरं का?" मी म्हटलं, "हाव, लई." तेव्हापासून आमचं जमलं ते जमलंच. बिलोली तालुक्यात ती कृषी सहायक होती. स्कूटीवरून गावोगाव फिरायची, आणि तोंडाला रुमाल न बांधता फवारणी करणारा कुणी दिसला की बांधावरूनच झापायची, मग तो गावचा पुढारी का असेना. पोट पुढं आलं तरी फिरणं थांबेना. मी रागावले तर म्हणते, "असू द्या, बाळाला आत्तापासून फिरतीची सवय लागू द्या." पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, असं तिच्या आईच्या मनात होतं. हीच म्हणाली, नांदेडला सोय चांगली हाय.

सोय! ती गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मोठी माणसं मला समजावत होती, गेलेली परत येत न्हाई बाई, आता सबुरीनं घ्या. येत नाही म्हणूनच तर सबुरी नको. तक्रार दिली आहे, चौकशी सुरू आहे असं सांगतात. चालू दे. पण खरं सांगते, मला नुसता न्याय नको होता. मला त्या बाईला चारचौघांत खाली मान घालायला लावायची होती. आणि संधी आपल्या पायानं चालून आली. मी शाळेत मराठी शिकवते, गावातल्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालनही करते. एका महिला मंडळाचा फोन आला, कर्तबगार स्त्रियांचा सत्कार आहे, तुम्हीच हवात. सत्कारमूर्तींत तेच नाव! भाऊ हात जोडून म्हणाला, "ताई, जाऊ नको. तमाशा व्हईल." म्हटलं, व्हऊ दे.

बाकीच्यांचा परिचय मी नीट करून दिला. मग डॉक्टरीणबाई उठल्या, खांद्यावर शाल पडली, टाळ्या झाल्या. मी माईकवर म्हटलं, "अशीच शाल मॅडमच्या अंगावर पडत होती, तेव्हा यांच्या दवाखान्यात माझी भावजय ब्लँकेटखाली रक्त जाऊन मरत होती. तिचं नाव सुजाता." पुढचं बोलेपर्यंत माईक बंद केला. करा बंद! शाळेच्या मैदानावर कमावलेला आवाज आहे माझा. जे जे घडलं ते सगळं सांगितलं, शेवटच्या रांगेपर्यंत. मला वाटलं होतं, बाई रडतील, भांडतील, निदान खोटं तरी बोलतील. त्या गोंधळून शेजारच्या बाईंकडे वळल्या आणि विचारलं, "कोण सुजाता?"

त्यांना आठवतच नव्हतं हो... माझा सगळा सूड तिथंच थिजला. जिला आपण मारलं तिचं नावही ठाऊक नाही, तिची मान कशी खाली जाणार? घरी येऊन मी खूप रडले, आणि नंतर जास्तच पेटले.

सुजाताचा फोन आता माझ्याकडे असतो. मी तो बंद पडू देत नाही. बिलोलीकडून अजून शेतकऱ्यांचे फोन येतात, "म्याडम, सोयाबीनवर अळी पडली, काय मारू?" मी सांगते, मॅडम गेल्या.  पलीकडून हळूच विचारतात, कशा काय? मी बसून सगळं सांगते, थंडीपासून ब्लँकेटपर्यंत. परवा एकजण म्हणाला, "आमची लेक हाय हो पोटुशी. दवाखान्याचं नाव काय म्हन्ले?"

इथं ते नाव छापता येत नाही. त्याला मी सांगितलं, दोनदा सांगितलं, आणि त्याच्याकडून म्हणवून घेतलं.