बोकडाचा खडा

बारामतीच्या प्रयोगशाळेत मी वर्षभर उंदरांना औषध पाजत होते. त्यांना मुतखडा व्हावा आणि त्यावरून माणसाचा आजार कळावा, एवढीच अपेक्षा. पण उंदीर दाद देईनात, माझं डोकं मात्र फिरायची वेळ आली. तेवढ्यात माझ्या मावसभावाचा फोन आला. तो जनावरांचा डॉक्टर. "निमगाव केतकीला ये. इथं आयता मुतखडा आहे."

किराणा दुकान चालवणाऱ्या एका चाचींचा लाडका बोकड कालपासून नुसता कुंथत होता.

"खायला काय घालता?" भावानं विचारलं.

"गव्हाचा कोंडा. पाल्याला तोंड लावत न्हाय माझा राजा."

भावानं भूल देऊन मूत्रनळीचं खडा अडकलेलं टोक तेवढं छाटलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग जी धार सुटली, ती थांबेचना!

"मुतला! मुतला!" सगळी गल्ली ओरडली. सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.

वाळूच्या कणाएवढा खडा तळहातावर घेऊन मी बघत राहिले. औषधाला वर्षभरात जमलं नव्हतं, ते लाडानं घातलेल्या कोंड्यानं करून दाखवलं होतं. हरखून मी विचारलं, "चाची, हा बोकड आमच्या प्रयोगशाळेला द्याल?"

त्यांनी बोकडाच्या गळ्यात हात टाकला.

"खडा न्या. बोकड न्हाय मिळायचा."